चार बोटं शेपूट

“मंजू, झाली का?” खैरनार काकांनी कड्याच्या काठावरून विचारलं.

“झाली,” मी म्हणाले आणि गाठीपासून दोन पावलं मागे सरले.

आमचा नियमच होता तो. ज्याने गाठ बांधली त्याने दोन पावलं मागे सरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. चांगली जमली, जरा घाईत झाली, काही म्हणजे काही बोलायचं नाही. दुसऱ्याने येऊन गाठीला हात लावायचा, शेपटीवर, म्हणजे गाठीबाहेर उरलेल्या टोकावर, बोटं ठेवून मोजायची आणि तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: गाठीचं नाव, शेपूट किती बोटं, आणि गाठ बंद की उघडी. ‘बंद’ म्हटल्याशिवाय तिच्यावर कुणी लोंबकळायचं नाही. ‘उघडी’ म्हटलं तर बांधणाऱ्याने रागवायचं नाही, वाद घालायचा नाही, मुकाट्याने गाठ सोडून पुन्हा बांधायची. हा नियम काकांनीच घातलेला. बांधणारा आपल्या गाठीच्या प्रेमात असतो, त्याला कशाला विचारायचं, असं ते म्हणायचे.

त्र्यंबक खैरनारांचा सिन्नरला मंडपाचा धंदा. उभा जन्म बांबू, दोर आणि कापड एकमेकांना बांधण्यात गेला. डोंगर चढायचा नाद कसा लागला ते त्यांनाही सांगता यायचं नाही, पण आमचा दहाबारा जणांचा क्लब त्यांच्याच गोडाऊनमध्ये भरायचा, आणि नाशिक-अकोले भागातल्या डोंगरांत कुणी अडकलं की फोन त्यांच्या दुकानात यायचा. मी कारखान्यात मशीनची ड्रॉइंग काढायची. माझी आणि काकांची ओळख गाठींवरूनच झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक दोर आणि एक टेप दिली. टेप म्हणजे इंचभर रुंद नायलॉनची चपटी पट्टी, दप्तराच्या पट्ट्यासारखी, पण माणसाचं वजन पेलणारी. म्हणाले, दोन्हीला एकच गाठ मार. मी मारली. त्यांनी ओढली. दोराची राहिली, टेपची सुटली.

“दोर गोल असतो बाई,” ते म्हणाले, “तो स्वतःला चावून धरतो. पट्टी चपटी. तिला दात नाहीत. तिला एकच गाठ चालते, तीही निगुतीने मारलेली. एका टोकाची गाठ घ्यायची, दुसरं टोक त्याच वाटेने उलट फिरवायचं, पट्टीवर पट्टी अशी झोपली पाहिजे. मग जोर लावून बसवायची. आणि दोन्हीकडे शेपूट चार बोटं. तीन नाही.”

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या डिसेंबरातली. टाकेदरा नावाच्या वाडीवरचे कुलथे गुरुजी सकाळी शाळेत यायला कड्याच्या काठाची जवळची वाट धरून निघाले आणि गवतावरून घसरले. साठ फूट खाली एका अरुंद कपारीत अडकले. खाली आणखी तीनशे फूट काही नव्हतं. पाय मोडलेला. आम्ही तिघेच हाताशी होतो: काका, त्यांचा मुलगा प्रल्हाद आणि मी. वाडीत पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. कुणीतरी पितळी पेल्यांतून चहा दिला. पेला इतका तापलेला की मी तो ओढणीच्या टोकात धरला. काकांनी मात्र उघड्या मुठीत धरून दोन घोटांत संपवला.

“काका, हात भाजत नाही का तुमचा?” मी विचारलं.

“मंडपवाल्याचे हात,” ते म्हणाले. मला त्यांचं कौतुक वाटलं.

वाडीतले सात गडी आमच्याबरोबर वर आले. पुढारी लहानू भांगरे, पन्नाशीचा, अंगाने काटक. त्याची दोन्ही नातवंडं गुरुजींच्या शाळेत. काठावर पोचलो तर खालून गुरुजींचा आवाज येत होता. ओरडणं नव्हे, एकसारखं कण्हणं. मधेच ते थांबलं की सगळे एकमेकांकडे बघायचे.

दोर बांधायला तिथे एकच जागा होती: काठापासून आठ-दहा फुटांवर कातळाचा एक सुळा जमिनीतून वर आलेला, कमरेएवढा. कडा धारदार, त्यावर सरळ दोर घातला तर कापला गेला असता. म्हणून त्याला टेपचा फेरा घालायचा आणि टेपला कॅराबिनर, म्हणजे स्क्रूने बंद होणारी धातूची कडी, अडकवून पुढची मांडणी करायची. पिशवीत एक टेप होती, नवीकोरी, नारिंगी, हाताला गुळगुळीत. लांब टेपची पिशवी खाली जीपमध्ये राहिली होती. जाऊन येऊन तास.

मी सुळ्याला फेरा घातला. तो दिसत होता त्याहून जाड निघाला. टोकं जुळवली, गाठ फिरवली, पट्टीवर पट्टी झोपवली. एकीकडे शेपूट बरी उरली. दुसरीकडे कमी. मला मोजायला लागत नाही. दिवसभर मिलिमीटरमध्ये जगणारी बाई मी. अडीच बोटं होती.

आणखी वीस फूट मागे दुसरा एक खडक होता, बारीक. तिथे टेप पुरली असती, पण काठाशी लावलेलं सगळं उचलून न्यावं लागलं असतं. वीस मिनिटं तरी. सूर्य डोंगराच्या शेंडीपासून हातभर वर. गुरुजी कण्हत होते. मी मनाशी म्हटलं, कमी वाटली तर काका ‘उघडी’ म्हणतीलच. म्हणाले की सोडू आणि मागे बांधू. गाठ बसवायला म्हणून पाय लावून ओढायची असते, तेही मी अर्धंमुर्धंच केलं.

काका आले. वाकले. उजवा हात गाठीवर ठेवला, बोटं शेपटीवरून फिरवली. नजर मात्र काठाकडे होती, प्रल्हाद तिथे गोणपाट अंथरत होता.

“टेप नॉट,” काका म्हणाले. “चार बोटं. बंद.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, आपलंच मोजणं चुकलं असेल. काकांच्या हाताखाली चार भरली तर चारच असणार. आज लिहिताना हे किती वेडगळ दिसतं ते मला कळतं. त्या क्षणी मात्र मला सुटल्यासारखं झालं, आणि मी गप्प राहिले. बांधणाऱ्याने गप्पच राहायचं असतं.

प्रल्हाद आला, टेपला कॅराबिनर अडकवला. क्षणभर वाकूनच राहिला. मग सरळ झाला आणि माझ्याकडे बघून हसला.

“मंजू, मी परत येईपर्यंत माझी भाकरी खाऊ नकोस.”

“तुझी भाकरी काका खातील. जा तू.”

तो उतरला. वीस मिनिटांत खालून त्याची शिट्टी आली. गुरुजींचा पाय बांधून त्यांना त्याने आपल्या पुढ्यात घेतलं होतं. आता दोघे एकाच दोरावर होते. ओढायची पद्धत साधी होती. सात गडी दोर ओढणार. प्रल्हाद कातळावर पाय देत येणार. चार-पाच फूट ओढलं की गड्यांना दम लागणार, तेव्हा दोघांचं वजन माझ्यासमोरच्या टेपवर यायचं. त्यासाठी बारीक दोरीचे वेढे मोठ्या दोरावर दिलेले होते. वजन आलं की ते वेढे दोराला करकचून धरतात, वजन गेलं की हाताने पुढे सरकवता येतात. ते सरकवायचं काम माझं. म्हणून मी सुळ्याला टेकून बसले होते, गाठ माझ्या गुडघ्याशी. काका काठावर पालथे पडून खाली बघत होते.

“ओढा,” काका म्हणाले.

गड्यांनी ओढलं. टेप सैल पडली. मी वेढे सरकवले.

“विसावा.”

गड्यांनी हळूहळू दोर सोडला. वेढ्यांनी धरलं, टेप ताणली गेली, कुरकुरली. सगळं ठीक होतं.

तिसऱ्या विसाव्याला मी सहज गाठीकडे पाहिलं. आखूड शेपूट आणखी आखूड होती. दोन बोटं.

भास असेल म्हणून मी तिथे नखाने ओरखडा काढला. नव्या टेपवर पांढरी रेघ उमटली, गाठीला अगदी लागून. ओढा. विसावा. टेप ताणली गेली आणि रेघ गाठीच्या आत गेली. पाचव्या विसाव्याला दीड बोट उरलं होतं. प्रत्येक वेळी सैल, प्रत्येक वेळी ताण, आणि प्रत्येक वेळी ती गाठ थोडी थोडी शेपूट गिळत होती. जोर लावून बसवली असती तर एवढी चालली नसती. तेही माझंच काम होतं.

मी हिशेब केला. पंचवीस फूट झाले होते, पस्तीस राहिले होते. अजून सात विसावे. शेपूट पाच विसाव्यांपुरतीच.

 सांगायचं म्हणजे काकांनी ‘बंद’ म्हटलेली गाठ उघडी आहे, असं सात परक्या माणसांसमोर सांगायचं. आणि त्याआधी हे सांगायचं की मला ते बांधतानाच माहीत होतं. मी आणखी एक विसावा गप्प बसले. त्या एका विसाव्याची लाज मला अजून वाटते. तेवढ्या वेळात दोर सुटला असता तर दोन माणसं माझ्या भिडेपायी गेली असती.

“काका,” मी म्हणाले.

“काय गं?”

“शेपूट गेली. बोटभर आहे.”

त्यांनी मान वळवली. “चार आहे. मी हात लावलाय.”

“काका, एक बोट. येऊन बघा.”

ते गुडघ्यांवर रांगत आले. या वेळी त्यांनी हात लावला नाही, डोळे गाठीजवळ नेऊन पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला.

खालून प्रल्हादची हाक आली. “बाबा, काय झालं? का थांबलात?”

“दम खातोय रे,” काका ओरडले. आवाज नेहमीचा होता. मग हळू आवाजात, “लहानू, आता दोर खाली सोडायचा नाही. मी सांगेपर्यंत हातात तोलून धरायचा. गुरुजींचा जीव त्यावर आहे.”

“किती वेळ धरायचा, बाबा?” लहानूने विचारलं.

“धरवेल तितका.”

“गवत घसरतंय पायाखालचं. लई वेळ नाय निभायचं.”

“माहीत आहे.” काकांनी माझ्याकडे पाहिलं. “तुझ्या कमरेची टेप किती आहे?”

आम्ही कमरेला टेपचीच बैठक बांधत असू, मांड्यांभोवती वेढे देऊन. माझी सोळा फुटांची होती. सुळ्याला पुरून उरली असती. ती सोडली की मला काठापाशी कसलाच आधार राहणार नव्हता. मी सोडायला घेतली.

“तुम्ही बांधा काका,” मी म्हणाले. “मी नको. मीच ही—”

“मला नाही बांधता येणार.”

“काका, असं काय—”

“बोटांना लागत नाही, मंजू.” ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला आधी अर्थच लागला नाही. “साखरेने गेलीत. वर्ष झालं. काय धरलंय ते बघितल्याशिवाय कळत नाही मला. दोर बांधतो सवयीने. ही पट्टी नाही जमायची.”

मला चहाचा पेला आठवला.

बोलत बोलतच ते सुळ्याच्या मागच्या खळग्यात बसले आणि दोन्ही पाय सुळ्याला लावले. “वेढे टेपवरून काढ आणि माझ्या बैठकीला अडकव. तू बांधेपर्यंत वजन मी घेतो.”

“दोघांचं वजन आहे.”

“एक माझाच आहे त्यातला,” ते म्हणाले. “अडकव.”

“लहानूदादा, घट्ट धरा,” मी म्हणाले. सात गड्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. टेप सैल पडली. मी कॅराबिनर उघडला, वेढ्यांची दोरी काढली आणि काकांच्या कमरेच्या कॅराबिनरला अडकवली. स्क्रू फिरवला. गड्यांचे हात ढिले होऊ लागले तसं वजन काकांवर आलं. ते खळग्यातून वीतभर पुढे ओढले गेले. गुडघे दुमडले, मग पुन्हा सरळ झाले. 

“बांध,” ते दातांवर दात धरून म्हणाले.

मी बैठकीची टेप सुळ्याभोवती घातली.  पहिली गाठ. दुसरं टोक उलट वाटेने. एके ठिकाणी पट्टीला पीळ पडला. सोडलं, पुन्हा फिरवलं. सकाळी घरी ही गाठ मी डोळे मिटून मारली असती.

“बाबा,” खालून प्रल्हाद. “गुरुजी बोलत नाहीयेत. चला लवकर.”

 काकांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

गाठ झाली. मी सुळ्याला पाय लावून, सगळं अंग मागे टाकून ती बसवली, एकदा, दोनदा, तीनदा. मग सवयीने दोन पावलं मागे सरले आणि तशीच उभी राहिले.

“काय झालं?” काका म्हणाले.

“बघायला कोण?”

लहानूला गाठीतलं कळत नव्हतं. काकांचे दोन्ही हात दोरावर होते, आणि मोकळे असते तरी काय उपयोग होता.

“तूच बघ,” काका म्हणाले. “तूच सांग. पण खरं सांग, मंजू. असेल ते सांग.”

आधीची शेपूट आखूड आहे हे मला माहीत होतं, असं त्यांना तेव्हाच कळलं होतं का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी पुढे झाले. आपल्याच गाठीला परक्यासारखा हात लावला. एका शेपटीवर बोटं ठेवली, मग दुसऱ्या.

“टेप नॉट,” मी म्हणाले. “इकडे चार बोटं. तिकडे चारच्या वर. पट्टीला पीळ नाही. बंद.”

“लाव मग.”

गड्यांनी पुन्हा एकदा तोलून धरलं. मी वेढे नव्या टेपवर आणले. वजन आलं. गाठ हलली नाही. मी तिच्यावरची नजर काढली नाही. ओढा, विसावा, ओढा, विसावा. सहा वेळा. चार बोटं ती चार बोटंच राहिली.

गुरुजी काठावर आले तेव्हा बेशुद्ध होते, पण श्वास चालू होता. लहानूने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांना शिव्या घालू लागला, जवळच्या वाटेने कशाला आला म्हणून, आणि रडू लागला. गुरुजी वाचले. पुढे काठी घेऊन चालायचे, पण शाळा त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवली.

प्रल्हाद वर आला, सुळ्यावरून वर सरकवून काढलेली, काकांच्या पायाशी पडलेली नारिंगी टेप त्याने पाहिली, आणि सुळ्यावरची माझी टेपही. माझी कमर मोकळी होती. त्याला सांगायची गरज पडली नाही.

“कोणी बघितली होती?” त्याने विचारलं.

“मी,” काका म्हणाले.

“आणि तुम्हाला कळलं नाही?”

“बोटांना लागत नाही माझ्या.”

“कधीपासून?”

“झालं वर्ष.”

“वर्ष,” प्रल्हाद म्हणाला. “वर्षभर तुम्ही आमच्या गाठींना हात लावून बंद म्हणताय. मी खाली होतो बाबा. मी आणि तो माणूस.”

“हो.”

“उद्यापासून तुम्ही डोंगरावर यायचं नाही. दोराला हात लावायचा नाही. मंडप बघा तुमचा.”

लहानू, बाकीचे गडी, सगळे ऐकत होते. मुलाने बापाला असं बोलावं हे त्यांना आवडलं नाही, त्यांनी माना फिरवल्या. काका फक्त “बरं” म्हणाले. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी प्रल्हादच्या हातात दिली. नारिंगी टेपची वळी करून ती खिशात घातली.

गाठ कुणी बांधली होती हे त्याने विचारलं नाही. त्याला ते माहीतच होतं. मी सांगू शकले असते की शेपूट आखूड आहे हे मला बांधतानाच माहीत होतं. तोंड उघडायला काही लागत नव्हतं. मी नाही उघडलं.

काका पुन्हा डोंगरावर आले नाहीत. अकरा वर्षं. क्लब गोडाऊनमध्येच भरायचा, पण ते आपल्या गादीवर बसून राहायचे. बापलेक धंद्यापुरते बोलायचे. एखादा कामगार बांबू नीट बांधत नसला आणि काका काही सांगायला गेले तर प्रल्हाद म्हणायचा, “तुम्ही राहू द्या बाबा, तुमची बोटं.” तो तसा वाईट नव्हता, पण हे तो म्हणायचाच. मी जवळ असले की दोर आवरायला घ्यायचे. एकदा दुकानात काका आणि मी दोघेच होतो तेव्हा मी धीर केला. म्हटलं, काका, टाकेदऱ्याची ती गाठ, मी बांधली तेव्हा... ते म्हणाले, “चहाला साखर नको टाकू माझ्या,” आणि रजिस्टर उघडून बसले. मी पुन्हा विषय काढला नाही. काढायचा नव्हताच, त्यांनी अडवलं हे माझ्या पथ्यावरच पडलं.

ते वारले दोन हजार चारच्या फेब्रुवारीत. तेरावं झाल्यावर प्रल्हादचा फोन आला. गोडाऊन आवरतोय, क्लबचे काही दोर असतील तर येऊन बघ.

मी गेले. दुपारची वेळ. बिछायतीच्या वळकट्या, झालरी, रचलेल्या खुर्च्या. कोपऱ्यात काकांची पत्र्याची पेटी उघडी होती. प्रल्हाद तिच्यासमोर उकिडवा बसला होता. डोकं भादरलेलं, त्यामुळे तो एकदम काकांसारखा दिसत होता.

“हे बघ,” तो म्हणाला.

पेटीच्या तळाशी, धुतलेल्या पांढऱ्या कापडात, नारिंगी टेप होती. रंग विटलेला. गाठ तशीच. काकांनी ती सोडलीच नव्हती.

मी खाली बसले. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

“प्रल्हाद, ही मी आखूड ठेवली होती. चुकून नाही. बांधताना मला दिसत होतं, अडीच बोटं आहेत. मागच्या खडकापर्यंत सगळं न्यायचा कंटाळा केला. म्हटलं, काका बघतील, ते उघडी म्हणतील. आणि ते बंद म्हणाले तेव्हा गप्प बसले. तू त्यांना जे बोललास ते मला बोलायला हवं होतंस. मी अकरा वर्षं ऐकून घेतलं.”

 मला वाटलं, आता हा उठेल आणि मला जायला सांगेल. सांगितलं असतं तर मी गेले असते.

“मी पण बघितली होती,” तो म्हणाला.

“काय?”

“कॅराबिनर अडकवताना. गाठ तोंडासमोरच होती. शेपूट आखूड दिसली मला. म्हटलं, मंजूने बांधलीय, बाबांनी आत्ता बंद म्हटलंय. आपण मधे बोलणारे कोण. हसलो आणि उतरलो.”

बाहेर कुणीतरी टेम्पोत बांबू टाकत होतं. 

“त्यांना सांगितलंस कधी?” मी विचारलं.

“नाही. रोज त्यांच्या बोटांवर बोललो. तू?”

“नाही.”

प्रल्हादने टेप उचलली आणि दोन वळकट्यांवर आडवी ठेवली. डोळे पुसले. मग उजवा हात गाठीवर ठेवला, काका ठेवायचे तसा, आणि शेपटीवर बोटं टेकवली. चार टेकवली. तीन उचलावी लागली.

माझं मला कळायच्या आत मी उठून दोन पावलं मागे सरले होते.

“टेप नॉट,” तो म्हणाला.  “एक बोट. उघडी.”

उघडी म्हटल्यावर बांधणाऱ्याने काही बोलायचं नसतं, मुकाट्याने सोडायची असते. मी पुढे झाले, खाली बसले आणि गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांत ती घट्ट बसली होती. बराच वेळ लागला.